गुप्तधनाची पुस्तकं शोधताना: पुण्यातल्या नवख्यांसाठी

बारावीच्या सुट्टीत मी जुन्या बाजारातून एक अमेरिकी पुस्तक ऐंशी रुपयांना आणलं. नदीच्या वाळूतून सोनं कसं धुवावं, यावर होतं. चित्रं भरपूर, भाषा सोपी. मित्राला सोबत घेतलं, घरातलं एक पसरट घमेलं उचललं आणि पानशेतच्या रस्त्याला लागून दोन दिवस वाळू धुतली. घमेल्याच्या तळाशी काळी, जड, लोहचुंबकाला चिकटणारी रेती उरली. पुस्तकात लिहिलं होतं की काळी रेती दिसली म्हणजे सोनं जवळ आलं. आम्ही ती रेती बाटलीत भरून भूशास्त्र शिकवणाऱ्या एका सरांकडे नेली. ते म्हणाले, "अरे, हे मॅग्नेटाइट. इथल्या काळ्या पाषाणाचा चुरा आहे हा. सह्याद्रीत कुठल्याही ओढ्यात जा, हेच मिळेल."

पुस्तक खोटं नव्हतं, दुसऱ्या खडकासाठी लिहिलेलं होतं. तिथून मला पुस्तकं निवडायची सवय लागली. आता कोणी विचारलं, "गुप्तधनावर काही वाचायचंय, कुठून सुरुवात करू?" तर मी खाली लिहिलंय त्याच क्रमाने सांगतो.

आधी ठरवा, नेमकं काय शोधताय

गुप्तधन या एका शब्दात आपण तीन वेगळ्या गोष्टी कोंबतो. माणसाने मुद्दाम लपवलेला पैसा हा इतिहासाचा विषय. जमिनीत सापडलेली नाणी, भांडी, मूर्ती हा पुरातत्त्वाचा आणि नाणेशास्त्राचा. खडकातलं सोनं, रत्नं, स्फटिक हा भूशास्त्राचा. तिन्हींची पुस्तकं ग्रंथालयात एकमेकांपासून लांब ठेवलेली असतात. 'गुप्तधन' म्हणून मागाल तर ग्रंथपाल बहुधा कादंबरी काढून देतील.

दशांश वर्गीकरण वापरणाऱ्या ग्रंथालयात हे आकडे लक्षात ठेवा: खनिजांचा शोध आणि खाणकाम ६२२, नाणी ७३७, खनिजशास्त्र ५४९, आर्थिक भूशास्त्र ५५३, महाराष्ट्राचा इतिहास ९५४.७९. थेट त्या कपाटापुढे उभं राहून मागचीपुढची पुस्तकं चाळली की सूचीत न सापडणारं बरंच हाती लागतं.

मग पुस्तकाची परीक्षा

माझा निकष एकच आहे. सापडलेल्या धनाचं पुस्तक घ्यावं, न सापडलेल्या धनाचं घेऊ नये.

'अमुक किल्ल्यावर सात रांजण मोहरा पुरलेल्या आहेत' असं सांगणारं पुस्तक तपासायचं कसं? ते खोटं ठरवता येत नाही, म्हणूनच विकलं जातं. उलट एखादा हंडा सापडला, कोणी मोजला, कोणत्या राजाची किती नाणी निघाली, ती पुढे कुठे गेली, हे लिहिणारं पुस्तक कंटाळवाणं असतं, पण शिकायला तेवढंच उपयोगी.

जोगळटेंभीचं उदाहरण घ्या. नाशिक जिल्ह्यातल्या या गावी १९०६ मध्ये चांदीच्या नाण्यांचा साठा निघाला. सुमारे १३,२५० नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला. गौतमीपुत्राने नहपानाचा पाडाव केला, याचा एवढा ढळढळीत पुरावा दुसरा नाही. पण तो मिळाला तो साठा एकत्र मोजला गेला म्हणून. तीच नाणी सुटी सुटी मोडीत गेली असती, तर पाच-पन्नास सराफांना किरकोळ नफा झाला असता आणि विषय संपला असता.

दायमाबादला थोडं उलटं झालं. १९७४ मध्ये प्रवरेकाठी झाडाची मुळं खणताना एका शेतकऱ्याला चार ब्राँझच्या वस्तू मिळाल्या: हत्ती, गेंडा, म्हैस आणि रथ. मिळून साठ किलोंहून जास्त वजन. वस्तू जगप्रसिद्ध झाल्या, पण त्या मातीच्या नेमक्या कोणत्या थरात होत्या ते शास्त्रीय उत्खननात नोंदलं गेलं नव्हतं. त्यामुळे त्यांच्या काळावर आजही वाद आहे. ही दोन प्रकरणं नीट वाचलीत की 'जागेवरून हलवू नका' असं पुरातत्त्ववाले का ओरडतात, ते वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

आता सरावाला घरचंच उदाहरण. तोरण्यावर डागडुजी करताना धन सापडलं आणि त्यातून राजगड उभा राहिला, हे आपण शाळेपासून ऐकतो. ही गोष्ट घेऊन मागे मागे जा. कंपनी सरकारचा अधिकारी ग्रँट डफ याच्या १८२६ सालच्या मराठ्यांच्या इतिहासात ती आहे. त्याच्याआधी कुठे आहे? कोणत्या बखरीत आहे, कोणत्या नाही? बखर घटनेनंतर किती वर्षांनी लिहिली गेली? रक्कम प्रत्येक ठिकाणी तीच आहे की वाढत गेलीय? दोन-तीन रविवार जातील. पण या एका गोष्टीचा माग काढलात तर पुढे कुठलंही खजिन्याचं पुस्तक हातात घेतल्यावर दहा मिनिटांत त्याची जात कळेल.

आणखी एक खूण. पुस्तकाच्या शेवटी यंत्र, अंजन, ताईत किंवा 'खात्रीशीर मार्गदर्शना'साठी फोन नंबर असेल तर ते पुस्तक नाही, जाहिरात आहे. पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाला जमिनीतलं धन दिसतं, मांडूळ धनाची वाट दाखवतं, हे आपल्याकडे अजून छापलं जातं. लोकसमजुती म्हणून वाचायला मजा आहे, मीही जमवतो. पण मांडूळ वन्यजीव कायद्याने संरक्षित आहे, आणि गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत स्पष्टपणे गुन्हा आहे. युरोपातही हा प्रकार जुनाच. जर्मन विद्वान ॲग्रिकोला याच्या १५५६ सालच्या खाणकामावरच्या ग्रंथात हातात फांदी धरून धातू शोधणाऱ्यांचं चित्र आहे, आणि शहाण्या खाणकामगाराला असल्या फांदीची गरज नाही असा त्याचा शेरा आहे. या लॅटिन ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १९१२ मध्ये हर्बर्ट हूवर आणि लू हेन्री हूवर या नवराबायकोंनी केलं. हूवर पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झाले. भाषांतर इंटरनेटवर फुकट आहे. नुसती चित्रं पाहिलीत तरी चालेल.

पुण्यात कुठे जायचं

सुरुवात पुणे जिल्ह्याच्या जुन्या गॅझेटियरपासून, म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणाऱ्या सरकारी ग्रंथापासून. मुंबई इलाख्याच्या मालिकेतला हा अठरावा खंड, तीन भागांत, १८८५ च्या सुमाराला निघालेला. त्यात खडक, खनिजं, किल्ले, बाजारपेठा, टांकसाळी, सगळं आहे. वाचताना एक सोय लक्षात ठेवा: रकमा पौंडांत आणि रुपयांत दोन्ही दिलेल्या असतात, आणि हिशेब एका पौंडाला दहा रुपयांचा असतो. शासकीय ग्रंथागारात पुनर्मुद्रणं अधूनमधून मिळतात. नाही मिळाली तर राज्याच्या गॅझेटियर विभागाने जुने खंड संगणकावर वाचण्यासाठी ठेवलेत. छापील प्रत बघायला १८४८ पासून चालू असलेलं पुणे नगर वाचन मंदिर बरं. तिथली शांतता आणि पंख्यांचा आवाज मला अभ्यासाला मानवतो. हे अर्थात माझं मत.

पेशवाईतल्या धनाबद्दल वाचायचं असेल तर सदाशिव पेठेतल्या भारत इतिहास संशोधक मंडळाला पर्याय नाही. १९१० मध्ये इतिहासकार वि. का. राजवाडे आणि मेहेंदळे यांनी ते सुरू केलं. तिथे जाऊन पहिल्याच दिवशी "नाना फडणवीसांचा खजिना कुठे आहे?" असं विचारू नका. तसं विचारणारे तुमच्याआधी बरेच येऊन गेलेत, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावर ते दिसतं. "सर, १८१८ नंतरच्या मालमत्तेच्या जप्तीबद्दल काय वाचावं?" असं विचारलंत तर चहा मिळण्याची शक्यता आहे.

कारण खरी गोष्ट तिथेच आहे. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी पेशव्यांचं धन इतकं कसून शोधलं की वाड्यांच्या भिंतीत फारसं काही उरलं असेल असं मानणं अवघड आहे. नारो गोविंद औटी यांनी पेशव्यांच्या खजिन्याचं काम पाहिलं होतं. त्यांच्याकडून घेतलेल्या रकमेवरचा दावा मुंबईच्या न्यायालयातून थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सगळ्यात वरच्या अपिलापर्यंत गेला. १८३० मध्ये निकाल लागला: ही युद्धातली जप्ती आहे, इथे न्यायालयाला अधिकार नाही. असा निकाल मिळवून वाचा. रकमा, तारखा, माणसं, सगळं शपथेवर सांगितलेलं असतं. कानपूरजवळच्या बिठूरचं तसंच. १८५७ च्या डिसेंबरात इंग्रजी फौजेने तिथल्या विहिरी उपसून नानासाहेबांची सोन्याचांदीची भांडी वर काढली. त्या फौजेतल्या लोकांनी आठवणी लिहून ठेवल्यात.

पेशवे दफ्तर, म्हणजे पुण्याचं पुराभिलेखागार, हा पुढचा टप्पा. तिथे कागद कापडी रुमालांत बांधलेले आणि जवळजवळ सगळे मोडी लिपीत. मोडी येत नसेल तर हिरमुसू नका. गोविंद सखाराम सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत बाळबोध लिपीत छापून काढले. सूची बघत जा. 'खजिना', 'भरणा', 'पोतदार', 'हुंडी', 'जडजवाहीर' असे शब्द धरून वाचा. एवढं झाल्यावरही भूक राहिलीच तर मोडी शिका. मंडळात वर्ग होतात. आणि कोणी 'बीजक' (पुरलेल्या धनाची जागा सांगणारा कागद) म्हणून मोडीतला चिठोरा विकायला आणला तर तो स्वतः वाचता येणं बरं पडतं. मी पाहिलेल्या एका 'बीजका'त म्हशीच्या व्यवहाराची पावती होती.

पुरातत्त्वासाठी डेक्कन कॉलेज. ह. धी. सांकलिया यांनी तिथे पुरातत्त्वाची जी परंपरा उभी केली, तिचं ग्रंथालय येरवड्याच्या बाजूला त्या परिसरातच आहे. बाहेरच्या वाचकाने आधी चौकशी करून, ओळखपत्र आणि जमल्यास एखाद्या शिक्षकाचं पत्र घेऊन जावं. तिथे मागायची गोष्ट एकच: भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा वार्षिक आढावा, १९५३-५४ पासूनचे अंक. उत्खननांची वर्णनं सोडा, मागच्या बाजूला 'नाणी आणि निखात निधी' (म्हणजे जमिनीत पुरलेलं धन) असं प्रकरण शोधा. त्या वर्षी राज्याराज्यांतून कुठे काय निघालं, त्याच्या दोन-दोन ओळींच्या नोंदी असतात. कुठल्याही खजिनापुराणापेक्षा हे रोमांचक आहे असं मी म्हणेन, पण माझी बायको म्हणते की ती किराणा मालाची यादी वाटते.

भांडारकर संस्थेचं नाव बरेच जण सुचवतात. ती संस्कृत आणि पोथ्यांसाठी. आपल्या कामाचं तिथे थोडकं, एक अपवाद सोडून: अर्थशास्त्र. कौटिल्याने खाणींच्या अधिकाऱ्याची कामं तपशीलवार दिलीत. सापडलेल्या निधीचा सहावा हिस्सा शोधणाऱ्याला, आणि लाखाच्या वरचा निधी राजाचा, हा नियमही त्यातच आहे. मराठी अनुवाद मिळतात, त्यासाठी भांडारकरला जायलाच हवं असं नाही.

खडकांची पुस्तकं

आपल्या पायाखाली डेक्कन ट्रॅपचा बेसाल्ट आहे, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या आसपास थरावर थर साचलेला लाव्हा. यात सोन्याच्या शिरा शोधायच्या नसतात. सोनं मिळतं ते कर्नाटकातल्या कोलार, हट्टी अशा त्याहून कितीतरी जुन्या खडकांत. महाराष्ट्रात त्याच्या नोंदी विदर्भात आहेत, नागपूर जिल्ह्यात किटारी, मारुपार, परसोडी या बाजूला. हिऱ्यांसाठी गडचिरोलीतल्या वैरागडचं नाव थेट आइन-ए-अकबरीत येतं. म्हणून पुणेकराने सोन्याचं पुस्तक घ्यावं ते वाचायला. धुवायला नव्हे. (पुण्यात सोनं धुणारे होते आणि आहेत: झारेकरी. सराफी गल्ल्यांतली केरमाती गोळा करून त्यातला सोन्याचा कण काढणारे. हा धंदा कुठल्या पुस्तकात धड लिहिलेला मला आढळला नाही. कोणी लिहावं.)

पुस्तक वाचून खाण उभी राहिल्याचं उदाहरण मात्र आहे. १८०२ मध्ये जॉन वॉरन या इंग्रजी फौजेतल्या अधिकाऱ्याने कोलारजवळ गावकरी माती धुऊन सोनं काढताना पाहिले आणि तसं लिहून ठेवलं. ते टिपण पुढे कित्येक वर्षं धूळ खात पडलं. मायकेल लॅव्हेल या निवृत्त सैनिकाने ते वाचलं, तिथे गेला आणि १८७३ मध्ये खाणकामाचा परवाना मिळवला. त्यातून उभी राहिलेली खाण २००१ मध्ये बंद झाली तेव्हा तीन किलोमीटरहून खोल गेली होती.

मग पुण्यात काय शोधावं? गारगोट्या. बेसाल्टच्या पोकळ्यांत वाढलेले झिओलाइट गटाचे स्फटिक आणि त्यांचे सोबती: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट, ॲपोफिलाइट. वाघोलीच्या दगडखाणीतलं कॅव्हन्साइट तर जगभरच्या संग्राहकांना पुण्याचं नाव सांगतं. गडद निळ्या सुयांचे गोंडे. नावातच त्याचा मसाला आहे: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिकॉन. पहिल्यांदा सापडलं अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये, पण उत्तम नमुने आपल्या वाघोलीचे. गंमत म्हणजे याविषयीचं चांगलं लेखन बाहेर झालंय. 'मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड' या अमेरिकी नियतकालिकाने २००३ मध्ये डेक्कन ट्रॅपच्या खनिजांवर विस्तृत लेखन छापलं. तो अंक मिळाला तर सोडू नका.

पायाभरणीला मराठी विश्वकोशातल्या खनिजविज्ञान आणि झिओलाइटवरच्या नोंदी वाचा, संकेतस्थळावर फुकट आहेत. नंतर जिऑलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने काढलेलं महाराष्ट्राच्या भूशास्त्रावरचं पुस्तक. विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयात किंवा भूशास्त्र विभागात चौकशी करा. जुन्या लेखकांत व्हॅलेंटाइन बॉल: भारताच्या आर्थिक भूशास्त्रावरचा त्याचा १८८१ चा खंड अजून कामाला येतो, कारण कोणत्या नदीत कोण काय धुतं, हे त्याने जिल्हावार लिहिलंय. सोबत सर्वे ऑफ इंडियाचे नकाशे. पुणे आणि आसपासचा मुलूख ४७ एफ या पत्रकात येतो. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे नकाशे 'भूकोश' या त्यांच्या संकेतस्थळावर बघता येतात. डोळ्यांची सवय करायला एकदा सिन्नरचं गारगोटी संग्रहालय पाहून या. पुस्तकातलं चित्र आणि हातातला दगड यांत किती अंतर असतं ते कळतं.

इंटरनेटवर शोधताना

मराठीत 'गुप्तधन' टाकलंत तर बातम्या येतील, त्याही बहुतेक अटकेच्या. इंग्रजीत 'ट्रेझर ट्रोव्ह' (निखात निधी), 'कॉइन होर्ड' (नाण्यांचा साठा), 'फाइंड-स्पॉट' (सापडल्याची जागा) हे शब्द टाका, रोमन अक्षरांत अर्थातच. सोबत जागेचं जुनं स्पेलिंग हवं: पुणे नाही, पूना. मराठा नाही, महरट्टा. लोहगड ग्रँट डफकडे 'लोगूर' होऊन बसलाय. अशी स्पेलिंगं एका वहीत लिहीत जा. आर्काइव्ह डॉट ऑर्ग आणि केंद्र सरकारच्या इंडियन कल्चर पोर्टलवर यातलं निम्मं साहित्य फुकट मिळतं, त्यामुळे विकत घेण्याआधी तिथे बघाच.

एक पातळ पुस्तक, जे घ्यायलाच हवं

भारतीय निखात निधी अधिनियम, १८७८. कायद्याच्या पुस्तकांच्या दुकानात सुटा मिळतो, चहा-वड्याच्या पैशांत. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय, किती, कुठे, केव्हा. कळवलं नाही तर हिस्सा जातो आणि एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. कळवलं, मालकी सांगणारा कोणी निघाला नाही, आणि सरकारने ती वस्तू स्वतःकडे घेतली नाही, तर जमीनमालकाशी वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश शोधणाऱ्याला आणि एक चतुर्थांश मालकाला. कौटिल्यापेक्षा इंग्रज उदार म्हणायचे.

सोबत १९५८ चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि १९७२ चा पुरावशेषांचा कायदा चाळा. संरक्षित किल्ल्यावर परवान्याशिवाय कुदळ मारता येत नाही. शनिवारवाडा, शिवनेरी, लोहगड हे सगळे त्यात आले. शंभर वर्षांपूर्वीची वस्तू पुरावशेष ठरते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. खनिजांसाठी १९५७ चा कायदा वेगळा. दगडखाणीत गारगोट्या वेचायच्या तर खाणमालकाला विचारून, सुरुंगाच्या वेळा सांभाळून, डोक्यावर हेल्मेट घालून. अमेरिकी पुस्तकांत हे काही नसतं. तिथल्या सरकारी जमिनीवरचे नियम वाचून इथे मेटल डिटेक्टर घेऊन गडावर चढलेली मुलं मी पाहिलीत.

विकत घेताना

नवी पुस्तकं अप्पा बळवंत चौकात. जुनी मिळाली तर जुन्या बाजारात, बुधवारी आणि रविवारी. सकाळी लवकर जा, कारण जुन्या नाण्यांचे आणि पुस्तकांचे नेहमीचे गिऱ्हाईक आठलाच येऊन गेलेले असतात. विषय सांगू नका. "दादा, खजिन्यावर काय आहे?" म्हटलंत की भाव तिप्पट. "इंग्रजी जाडी पुस्तकं दाखवा" म्हणा आणि स्वतः उचका. गॅझेटियर, सर्वेक्षणाची मेमॉयर, वस्तुसंग्रहालयांच्या नाण्यांच्या सूची हे बहुधा कॉलेजच्या जुन्या पाठ्यपुस्तकांच्या ढिगात, पाठ तुटलेल्या अवस्थेत पडलेलं असतं. तिथल्या नाण्यांना मात्र पहिलं वर्षभर हात लावू नका. 'शिवकालीन' शिवराई (तांब्याचं नाणं) कालपरवा ओतलेलीही असते, आणि ते ओळखायची पुस्तकं तुम्ही अजून वाचलेली नाहीत.

भाव करण्याआधी शेवटच्या पानापर्यंत जा. भूशास्त्राच्या जुन्या पुस्तकांत मागे खिशात घडी घातलेला नकाशा असतो. रंगीत असेल तर कोणीतरी तो आधीच काढून चौकटीत घालायला विकलेला असतो, आणि नकाशा गेला की उरलेल्या पुस्तकाला मी पन्नासच्या वर एक रुपया देत नाही.